सिनात्राची शंभर गाणी आणि विसाव्या गाण्याचा कंटाळा

पत्र थोडक्यात असं : नाशिकहून एका वाचकांनी लिहिलं आहे. वय पंचेचाळिशीपुढचं. घरात लहानपणापासून भीमसेन जोशी, कुमार गंधर्व आणि बाबूजींची गाणी. मागच्या वर्षी मुलीने गाडीत फ्रँक सिनात्रा या अमेरिकन गायकाचं ‘फ्लाय मी टु द मून’ लावलं आणि ते डोक्यातून जाईना. म्हणून त्यांनी ‘सर्वोत्कृष्ट १००’ अशा नावाचा एक संच घेतला. पहिली दहा-बारा गाणी आवडली, विसाव्या गाण्यापर्यंत सगळी सारखीच वाटायला लागली. एक मित्र म्हणाला, १९३९पासून क्रमाने ऐक, नाहीतर काही कळायचं नाही. दुसरा म्हणाला, मूळ जुन्या तबकड्याच घे, बाकी सगळं पाणी. घरी वडिलांचा जुना रेकॉर्ड प्लेअर आहे आणि चार-पाच तबकड्यांपुरते पैसे बाजूला काढलेले आहेत. इंग्रजी शब्द निम्मेच कळतात. त्यांचा प्रश्न : “कोणते पाच अल्बम घेऊ? की या गाण्यासाठी माझा कानच तयार नाही?”

नमस्कार,

कानाची काळजी आधी मिटवू. विसाव्या गाण्यावर तुम्हाला कंटाळा आला, यात कानाचा दोष नाही, संचाचा आहे. अशा संचात १९४०च्या आसपासचा कोवळा आवाज, १९५६चा ऐन भरातला आवाज आणि १९७९मधला साठी ओलांडलेला आवाज शेजारी-शेजारी बसवलेले असतात. एका गाण्यात मोठा ब्रास बँड, पुढच्यात नुसती व्हायोलिनं, त्यापुढच्यात टीव्ही कार्यक्रमातली टाळ्यांसकटची नक्कल. भीमसेनजींच्या शंभर वेगवेगळ्या मैफलींतली तीन-तीन मिनिटं कुणी सलग जोडून दिली असती, तर तीही विसाव्या तुकड्याला सारखीच वाटली असती.

तुम्ही ‘सर्वोत्कृष्ट’ संच घेतलात, कारण नवख्याने तिथूनच सुरुवात करावी असं आपण धरून चालतो. बहुतेक गायकांच्या बाबतीत ते खपून जातं. सिनात्राच्या बाबतीत नाही, कारण त्याने गाण्यांचे नव्हे तर अल्बमांचे घाट घडवले. १९४६मध्ये कोलंबिया कंपनीने ‘द व्हॉइस ऑफ फ्रँक सिनात्रा’ हा ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) चार तबकड्यांचा, आठ गाण्यांचा संच काढला, तेव्हाच एका मनःस्थितीची गाणी एकत्र बांधण्याची कल्पना त्यात होती. १९५३ साली तो कॅपिटॉल कंपनीत गेला आणि पुढच्या आठेक वर्षांत त्याने ती कल्पना पुरती वाढवली. एक अल्बम झुलणाऱ्या प्रेमगीतांचा, एक पहाटे तीन वाजता जागं असलेल्या माणसाचा, एक प्रवासाचा. गाण्यांचा क्रम, लय, पहिल्या बाजूचा शेवट आणि दुसरीची सुरुवात, सगळं ठरवून केलेलं. त्यातलं एक गाणं उचलून शंभरांच्या गर्दीत टाकलं की त्याचा निम्मा अर्थ जातो.

म्हणून पाच अल्बम निवडताना प्रसिद्ध गाण्यांची यादी बाजूला ठेवा आणि मागच्या कव्हरवर दुसरंच एक नाव शोधा : अरेंजरचं. आपल्याकडे गाण्याचा संगीतकार पाहतात. इथे गाणी बहुधा तयारच असत, वीस-वीस वर्षं जुनी, नाटका-सिनेमांतून आलेली. कुठलं वाद्य कुठे, कसं वाजेल हे ठरवून त्यांचे वाद्यांचे कपडेलत्ते बदलणारा माणूस म्हणजे अरेंजर, आणि सिनात्राचा कुठला अल्बम तुम्हाला रुचेल हे निम्म्याहून अधिक त्याच्यावर ठरतं. नवख्याला तीन नावं पुरेत.

नेल्सन रिडल हा पहिला. त्याच्या वाद्यवृंदात जागा मोकळी असते. बास आणि ड्रम चालत राहतात, वर एखादी बासरी किंवा बास क्लॅरिनेट बारीकशी नक्षी काढते आणि गायकाचं वाक्य संपलं की मगच ब्रास, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोन ही पितळी वाद्यं, बोलतं. हृदयाच्या ठोक्याची लय म्हणतात तशी मध्यम चाल ही त्याची खासियत. दुसरा बिली मे. हा मिश्कील आणि धसमुसळा. त्याचे सॅक्सोफोन सरळ स्वरावर उभे राहत नाहीत, सगळे मिळून खालून मींड घेत वर सरकतात. तीन सेकंदांत ओळखू येतो. तिसरा गॉर्डन जेन्किन्स : व्हायोलिनांचा दाट पडदा, लय जवळजवळ थांबलेली. त्याच्याकडे स्विंग, म्हणजे झुलता ठेका, नाही. त्यामुळे तुम्हाला ‘फ्लाय मी टु द मून’ने ओढलं असेल आणि हाती जेन्किन्सचा ‘नो वन केअर्स’ आला, तर सिनात्रा कायमचा कपाटात जाईल. अल्बम वाईट नाही. फक्त तुम्ही ज्या दारातून आलात ते दार तो नाही.

आता प्रत्यक्ष पाच.

पहिला, ‘साँग्ज फॉर स्विंगिंग लव्हर्स’, १९५६, रिडल. १५ गाणी, साधारण पाऊण तास. एकच अल्बम घेणार असाल तर हाच. यात एकही गाणं घाईचं नाही आणि एकही रेंगाळत नाही. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं, म्हणजे सीडीवर किंवा ॲपवर नववं, गीतकार-संगीतकार कोल पोर्टरचं १९३६ सालचं ‘आय हॅव गॉट यू अंडर माय स्किन’. ते तीन वेळा ऐका, पण दर वेळी वेगळ्या गोष्टीसाठी. पहिल्यांदा फक्त मागची वाद्यं : सुरुवात अगदी हलकी, मग गाणं एकदा पूर्ण होऊन मधल्या वाद्यखंडात एकेक थर चढत जातो आणि मिल्ट बर्नहार्टचा ट्रॉम्बोन अक्षरशः फुटून बाहेर येतो. दुसऱ्यांदा फक्त गायक : त्या स्फोटानंतर तो कुठे, किती जोराने परत येतो आणि मग शेवटाकडे पुन्हा कसा आवाज खाली आणतो. तिसऱ्यांदा फक्त बास. पाऊल-पाऊल टाकत तो गाणं पुढे नेत असतो. हे एवढं एक गाणं नीट पचलं की रिडल आणि सिनात्रा यांच्या कामाची रीत हाताला लागते.

दुसरा, ‘इन द वी स्मॉल अवर्स’, १९५५, पुन्हा रिडल. १६ गाणी, सगळी संथ, सगळी एकटेपणाची. हा स्विंगचा अल्बम नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तरी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो, कारण भावगीतावर वाढलेल्या कानाला हा सगळ्यात लवकर ओळखीचा वाटेल. इथे वाद्यं पाच-सहाच आहेत असं वाटावं इतका संयम आहे. एका बैठकीत सगळा ऐकू नका. आठ गाणी, मग तबकडी उलटण्याआधी विश्रांती. आणि सकाळी डबे भरताना तर मुळीच लावू नका.

तिसरा, ‘कम फ्लाय विथ मी’, १९५८, बिली मे. प्रवासाची १२ गाणी. नावावरून सगळी उडती असतील असं वाटतं, पण जवळजवळ निम्मी संथ आहेत, आणि हा चढउतारच त्याला जिवंत ठेवतो. ‘मूनलाइट इन व्हरमाँट’ ऐकताना शब्दांकडे लक्ष द्या : त्यात यमक नाही. कडव्यांची घडण ५-७-५ अक्षरगटांची आहे, म्हणजे शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेला तोच हायकू. याच अल्बमात रुडयार्ड किपलिंगच्या कवितेवरचं ‘ऑन द रोड टु मंडाले’ आहे. सिनात्राने कवितेशी घेतलेली सलगी किपलिंगच्या कुटुंबाला खपली नाही, त्यामुळे ब्रिटनमधल्या आवृत्तीतून ते गाणं काढून दुसरं घालण्यात आलं. किपलिंगचा जन्म मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारातला, म्हणून हा किस्सा आपल्याला जरा जवळचा. पण त्याचा व्यवहारातला अर्थ असा की जुनी ब्रिटिश तबकडी हातात आली तर मागची यादी वाचून घ्या. गाणं नसेल तर तबकडी बनावट नव्हे.

चौथा तुमच्या गाण्याचा, ‘इट माइट ॲज वेल बी स्विंग’, १९६४. रिप्रीज कंपनीचा, जॅझ पियानोवादक काउंट बेसीच्या वाद्यवृंदासोबत, अरेंजर क्विन्सी जोन्स. ‘फ्लाय मी टु द मून’ यातलंच. ते मुळात तीन मात्रांच्या चालीत लिहिलेलं गाणं, इथे चार मात्रांत झुलतं. तुम्ही म्हणाल, मग याच्यापासूनच का नाही सुरुवात? हरकत नाही, पण हा अल्बम अर्ध्या तासाहूनही छोटा आहे आणि दहा गाण्यांतली काही त्या वर्षा-दोन वर्षांत गाजत होती म्हणून घेतलेली. ‘हॅलो डॉली’ त्यातलंच. बेसीचा वाद्यवृंद मात्र जबरदस्त. सिनात्रासाठी नव्हे, बेसीसाठी घ्या.

पाचवा, ‘फ्रान्सिस आल्बर्ट सिनात्रा अँड अंतोनियो कार्लोस जोबिम’, १९६७, अरेंजर क्लॉस ओगरमन. ब्राझीलचा बोसा नोव्हा हा मृदू चालीचा संगीतप्रकार. जेमतेम २८ मिनिटं. इतक्या हळू आवाजात सिनात्रा दुसरीकडे क्वचितच गायला आहे. पावसाळी संध्याकाळी हा एक पुरेसा आहे.

‘ओन्ली द लोन्ली’ (१९५८, रिडल) मी पाचांत धरला नाही, कारण ‘वी स्मॉल अवर्स’ आवडला नाही तर हा आवडण्याची शक्यता नाही. तो आवडलाच तर मात्र सहावी तबकडी हीच. तिच्या शेवटी ‘वन फॉर माय बेबी’ आहे : रिकाम्या होत आलेल्या गुत्त्यात एक माणूस बारवाल्याशी बोलतोय आणि मागे बिल मिलरचा पियानो. माझ्या मते सिनात्राने अल्बमाचा केलेला हा सर्वांत चांगला शेवट. म्हणूनच जिथे त्याच्यानंतर ‘बोनस’ म्हणून आणखी गाणी जोडलेली असतील तिथे ती वाजू देऊ नका. दिवे लागल्यावर पडदा पुन्हा वर जावा तसं होतं.

तूर्त काय घेऊ नये, तेही सांगतो. ‘ड्युएट्स’ (१९९३) नको. त्यात सोबतच्या गायकांचे आवाज वेगळ्या ठिकाणी मुद्रित करून नंतर जोडलेले आहेत आणि सिनात्रा ७७ वर्षांचा आहे. ‘सिनात्रा ॲट द सँड्स’ (१९६६) हा लास व्हेगासमधला बेसीसोबतचा थेट कार्यक्रम गाण्यांसाठी उत्तम, पण त्यात एक लांबलचक विनोदी भाषणही आहे. तेव्हाचे शेरे आणि टोमणे आज शिळे वाटतात, शब्द निम्मे कळणाऱ्याला तर त्यात काहीच हाती लागत नाही. वर्षभराने घ्या आणि ते भाषण ओलांडून पुढे जा. ‘माय वे’ (१९६९) आणि ‘न्यूयॉर्क, न्यूयॉर्क’ (१९८०) ही दोन गाणी जगाला माहीत आहेत म्हणून त्यांचे अल्बम घ्यायची गरज नाही. ती गर्जून गायची गाणी आहेत, झुलायची नव्हेत.

आता क्रमाने ऐकण्याबद्दल. तुमच्या मित्राचा सल्ला अभ्यासकाला योग्य आहे, नवख्याला नाही. १९३९मध्ये हॅरी जेम्सच्या आणि १९४० ते ४२ टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये सिनात्रा हा बँडचा नोकर होता. तबकडी बँडची, गायकाचं कडवं मध्ये कुठेतरी. तिथून सुरुवात केलीत तर सिनात्रा यायची वाट पाहण्यातच तबकड्या संपतील. शिवाय ध्वनिमुद्रण जुनं, खरखरीत. उलट आधी १९५६ ऐकून मग मागे गेलात, तर डॉर्सीच्या ट्रॉम्बोनकडे तुमचं लक्ष आपोआप जाईल. डॉर्सी श्वास कुठे घेतो ते कळत नसे आणि सिनात्रा आपला दमसास त्याच्याकडे पाहून शिकल्याचं सांगत असे. एका ओळीच्या शेवटी न थांबता दुसरीच्या पोटात शिरून मग श्वास घेणं, ही युक्ती १९५५च्या गाण्यांत सहज दिसते. ती एकदा दिसली की १९४०ची गाणी ऐकायला कारण मिळतं.

शब्द निम्मेच कळतात, याचं दडपण थोडं कमी करा, पण सोडून देऊ नका. सिनात्राची गायकी शब्दप्रधान आहे. तिच्यात तान नाही, आलाप नाही, आकार जवळजवळ नाहीच. शास्त्रीय कानाला म्हणूनच वाटतं की हा काहीच करत नाहीये. तो करतो ते शब्दांच्या जागेशी करतो : वाक्य मात्रेच्या किंचित मागे टाकतो, मध्येच दोन शब्द भरभर बोलून पुढच्यासाठी वेळ काढतो आणि ‘म’, ‘न’, ‘ल’ यांसारख्या व्यंजनांवर सूर लांबवतो, जिथे दुसरा गायक आधीच्या स्वरावर लांबवेल. सुधीर फडक्यांच्या गाण्यात शब्द कसा ठेवला जातो हे तुम्हाला माहीत आहे. तोच कान इथे लावा. व्यवहारात एवढं करा : दर अल्बममधून दोन गाणी निवडून त्यांचे शब्द समोर ठेवून एकदा वाचा, मग ऐका. बाकीची तशीच ऐका. सगळ्या पंधरांचे शब्द घेऊन बसलात तर तो अभ्यास होईल आणि तिसऱ्या दिवशी बंद पडेल.

ठेवणीबद्दल दोन गोष्टी माहीत असल्या की खूप सोपं जातं. यातली बरीच गाणी ३२ बारची असतात, एका बारमध्ये ४ मात्रा. आठ-आठ बारचे चार तुकडे : मुखडा, त्याच चालीत पुन्हा मुखडा वेगळ्या शब्दांत, मग वेगळ्या चालीचा अंतरा, मग परत मुखडा. हे बोटांवर मोजता आलं की दुसऱ्या फेरीत गायक काय बदलतो ते लगेच कळतं. अपवाद असतात : वर सांगितलेलं पोर्टरचं गाणं ५६ बारचं आहे, ते मोजायला घेऊन हैराण होऊ नका. दुसरी गोष्ट टाळीची. आपला हात समेवर पडतो, स्विंगमध्ये जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. ड्रमरच्या डाव्या पायाखालच्या झांजा तिथे ‘चिक्’ करतात, त्यांच्यासोबत चुटकी वाजवा. आणि प्रत्येक मात्रेचे दोन सारखे तुकडे न पडता पहिला लांब, दुसरा आखूड पडतो, साधारण दोनास एक. झोका येतो तो तिथून. हा ठेका तुम्हाला वाटतो तितका परकाही नाही. सी. रामचंद्रांनी ‘अलबेला’त (१९५१) गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आणि त्यांच्या बँडला घेतलं, तेव्हाच तो मराठी घरांत रेडिओवरून शिरलेला आहे.

आता तबकड्या. मूळ जुनी तीच खरी, हा दुसऱ्या मित्राचा आग्रह मी सरसकट मान्य करणार नाही. ६०-७० वर्षं जुनी तबकडी कुणी कुठल्या सुईवर वाजवली आहे यावर सगळं अवलंबून. बोथट सुईने घासलेल्या तबकडीवर ओरखडे दिसत नाहीत, पण ब्रास जोरात आलं की आवाज फाटतो. म्हणून मुंबईच्या चोरबाजारात किंवा कुठेही जुनी घेताना सुरुवातीचा शांत भाग ऐकून समाधान मानू नका. बाजूच्या शेवटच्या गाण्यातला सगळ्यात जोरकस भाग वाजवून पाहायला सांगा. आतल्या खाचांत झीज आधी कळते.

सिनात्राच्या बाबतीत आणखी एक खास सापळा आहे. १९५७च्या मध्यापर्यंतचे त्याचे अल्बम मोनो (सगळा आवाज एकाच वाहिनीत) आहेत, म्हणजे ‘स्विंगिंग लव्हर्स’ आणि ‘वी स्मॉल अवर्स’ दोन्ही. १९६०च्या दशकात स्टिरिओची लाट आली तेव्हा कंपनीने त्याच मोनो मुद्रणांवर प्रक्रिया करून ‘ड्युओफोनिक’ नावाचे बनावट स्टिरिओ काढले : एका बाजूला जाड आवाज, दुसरीला पातळ, मध्ये थोडं अंतर. परिणाम न्हाणीघरात गायल्यासारखा. कव्हरवर तो शब्द असेल किंवा क्रमांकाच्या आधी ‘डीडब्ल्यू’ ही अक्षरं असतील तर ठेवून द्या. नुसतं ‘डब्ल्यू’ म्हणजे मोनो, ‘एसडब्ल्यू’ म्हणजे खरं स्टिरिओ. कव्हर आणि आतली तबकडी वेगवेगळी असणं जुन्या बाजारात नेहमीचं, म्हणून अक्षरं मधल्या गोल कागदावरही पाहा.

नव्या छापाच्या स्वस्त तबकड्यांबद्दल : युरोपात १९६३च्या आधी प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांवरचा हक्क संपलेला आहे, भारतातही तो प्रकाशनानंतर ६० वर्षांचाच. त्यामुळे ही ध्वनिमुद्रणं मूळ कंपनीला न विचारता तिथे कुणीही काढू शकतो. काहींचा आवाज बरा असतो, काहींचा सीडीवरून उतरवलेला.  नवी तबकडी घ्यायची तर मूळ कंपनीच्या नावाने निघालेली घ्या, म्हणजे कॅपिटॉल आणि, १९६० नंतरच्यांसाठी, रिप्रीज.

पण त्याआधी प्लेअर. वडिलांचा जुना प्लेअर पेटीवजा, आतच स्पीकर असलेला असेल तर त्यात बहुधा सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असतं आणि सुई उलटसुलट करायची छोटी दांडी असते : एका बाजूला ७८, दुसरीकडे एलपी (जास्त वेळ चालणारी, अल्बमची तबकडी). ७८ची सुई जाड, ती एलपीच्या खाचेत बसत नाही. हे पाहायला विसरतात आणि मग तबकडीला दोष देतात. सुई किती वर्षांची आहे ते माहीत नसेल तर ती संपली आहे असं समजून बदला. हिऱ्याची सुई सर्वसाधारणपणे ५०० ते १००० तास टिकते, नीलमची त्याच्या कितीतरी आधी संपते. कार्ट्रिज फक्त मोनो असेल तर त्यावर स्टिरिओ तबकडी वाजवू नका. अशी सुई वर-खाली हलायला तयार नसते आणि स्टिरिओ खाच खरवडून काढते. पाचांतल्या पहिल्या दोन अल्बमांची मोनो तबकडी त्यावर चालेल, जोबिम नाही. चांगल्या आधुनिक प्लेअरवर सुईचा भार दीड ते अडीच ग्रॅम असतो, जुन्या पेट्यांवर त्याच्या दुप्पट किंवा जास्त. म्हणजे पाच तबकड्यांच्या पैशांतून दोन तबकड्या आणि एक नवी सुई, हा हिशेब जास्त शहाणपणाचा. उरलेले तीन अल्बम तोपर्यंत ॲपवर ऐका.

जुनी तबकडी आणलीत तर वाजवण्याआधी धुवा. डिस्टिल्ड पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापड, आणि हात गोल खाचांच्या दिशेने, आडवा नाही. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा. नळाचं पाणी वाळलं की क्षार खाचेत राहतात आणि टिक्-टिक् वाढते. मधला कागद भिजू देऊ नका. वडिलांच्या संग्रहात ७८च्या तबकड्या असतील तर त्यांना स्पिरिट लावू नका, त्या लाखेच्या असतात, विरघळतात. आणि नाशिकच्या एप्रिलमध्ये तबकड्या माळ्यावर किंवा गाडीत ठेवू नका. उभ्या ठेवा, एकमेकींना रेलून नव्हे, सरळ.

ॲपवर ऐकणाऱ्या इतरांनाही हे उपयोगी पडेल : शोधताना गाण्याचं नाव टाकू नका, अल्बमचं पूर्ण नाव टाका. सिनात्राने तीच गाणी पुन्हा-पुन्हा मुद्रित केली. ‘नाइट अँड डे’ १९४२, १९५६, १९६१ आणि १९७७ अशा किमान चार वेळा, आणि शेवटचं चक्क डिस्कोच्या ठेक्यावर. १९६३च्या ‘सिनात्राज सिनात्रा’ या अल्बमात त्याने कॅपिटॉलची गाजलेली गाणी स्वतःच्या रिप्रीज कंपनीसाठी नव्याने गायली. गाणं तेच, वाद्यवृंद जवळजवळ तोच, आवाज सात वर्षांनी जड झालेला. ॲपवर दिसणाऱ्या सालावर विसंबू नका, ते बहुधा नव्या आवृत्तीचं असतं. गाण्यांची संख्या मोजा : ‘स्विंगिंग लव्हर्स’ म्हणजे १५. बावीस दिसली तर कुणीतरी शेवटी भर घातली आहे. मात्र ‘स्विंग ईझी’ (१९५४) शोधलात आणि १६ सापडली तर ते बरोबर आहे. तो आठ गाण्यांचा दहा इंची अल्बम होता, आता त्याच्याच भावंडाशी, ‘साँग्ज फॉर यंग लव्हर्स’शी, जोडून मिळतो. आणि ‘शफल’ बंद करा. हे एवढं बटण दाबलं तरी तुमच्या तक्रारीतली निम्मी तक्रार जाईल.

किती दिवस लावायचे? दर अल्बमला दोन आठवडे. पहिल्या आठवड्यात पहिली बाजू रोज, दुसऱ्यात दुसरी. अडीच महिन्यांनंतर तुमचा शंभर गाण्यांचा संच पुन्हा काढा आणि मधूनच कुठलंही गाणं लावून अरेंजर ओळखायचा प्रयत्न करा. दहांतले सहा ओळखले तर पुढची तबकडी सिनात्राची नको. जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डने १९५९ साली गर्श्विन या गीतकार-संगीतकार बंधूंची गाणी गायली, त्या संचाचा अरेंजर रिडलच आहे. तो घ्या, आणि तोच वाद्यवृंद बाईच्या आवाजामागे किती वेगळा वागतो ते पाहा.